रविवार कोणाचा?

‘वेळ नाही’ हे दोन शब्द आजच्या माणसाच्या तोंडी जितके बसले आहेत तितके देवाचे नावही बसलेले नसेल. एके काळी खानदेशात दोन माणसे भेटली की पीकपाण्याची गोष्ट निघे. आता वेळेची निघते. जळगावच्या सराफ बाजारातील पेढीवाला, भुसावळच्या यार्डात पाळीवर जाणारा रेल्वे कर्मचारी, रावेर-यावलकडचा केळीचा बागाईतदार, धुळ्याच्या आग्रा रोडवरचा कापडवाला आणि या सर्वांच्या मुलांना शिकवणी देणारा शिक्षक हे एरवी कशावरही एकमत होणार नाहीत. पण वेळ नाही यावर त्यांचे एकमत आहे. नवलाची गोष्ट अशी की ही तक्रार करावयाला मात्र प्रत्येकाजवळ भरपूर वेळ असतो.

मी ख्रिस्ती आहे. रविवारच्या उपासनेला का आला नाहीत असे विचारले, तर आमच्या मंडळीतही हेच उत्तर मिळते. पाळक मग बाजाराला दोष देतात, बाजारातील माणूस परिस्थितीला दोष देतो, आणि प्रश्न होता तेथेच राहतो. प्रश्न असा आहे: धावपळ, करमणूक आणि खरेदी यांनी काठोकाठ भरलेल्या दिवसांत ख्रिस्ताला जागा कोठे आहे? तो वरवर आमच्यापुरता दिसतो. परंतु ‘ख्रिस्त’ या शब्दाच्या जागी वाचकाने आपल्या श्रद्धेचा शब्द ठेवून पाहावा. प्रश्न फारसा बदलणार नाही.

याला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. काम कमी करा, बसा, ध्यान करा. त्याला आधार म्हणून लूकच्या शुभवर्तमानातील दोन बहिणींची कथा सांगतात. प्रभू येशू घरी आला आहे. मार्था स्वयंपाकपाण्यात गुंतली आहे आणि मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे. मार्था तक्रार करते, आणि प्रभू तिची समजूत घालून मरीयेची बाजू घेतो. झाले! काम हलके आणि बैठक श्रेष्ठ, असा निकाल लावून उपदेशक मोकळे होतात. आमच्याकडच्या एक आजीबाई या कथेवर नेहमी म्हणत, ‘मार्थाबाई चुलीपाशी नसती, तर प्रभू त्या दिवशी उपाशीच उठला असता.’ ज्या मुलखात पाहुणा आला की खापर चुलीवर चढते आणि हातावर मांडा फिरू लागतो, त्या मुलखातील स्त्रीला हा निकाल अन्यायाचा वाटला तर आश्चर्य नाही.

मला वाटते, आजीबाईंचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. लूकने ही कथा कोठे ठेवली आहे ते पाहावे. तिच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाजवळून धर्माचे अधिकारी निघून जातात, आणि एक परका माणूस थांबून त्याच्या जखमा बांधतो. म्हणजे एका कथेत हात चालविणाऱ्याची थोरवी आणि लगेच पुढच्या कथेत हात चालविणारीचा निषेध, असे कसे होईल? मूळ ग्रीकमध्ये मार्थेच्या स्थितीसाठी जे क्रियापद आले आहे त्याचा अर्थ ‘चहूकडून ओढली जाणे’ असा आहे. प्रभूने बोट ठेवले ते तिच्या पळीवर नव्हे, तर या ओढाताणीवर. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीच्या भोजनप्रसंगी ही मार्था पुन्हा दिसते, आणि तेव्हाही ती वाढतेच आहे. फरक इतकाच की या वेळी तिची तक्रार नाही. काम तेच आहे. मन मात्र एकवटले आहे.

हात गुंतलेले आणि मन मोकळे, अशी माणसे शोधायला खानदेशाबाहेर जाण्याचे कारण नाही. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावी नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्यांना गाणी सुचली, ती इतरांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, त्यांचे पुस्तक झाले. कामातून वेळ काढून त्यांनी चिंतन केले असे म्हणता येत नाही. काम हेच त्यांच्या चिंतनाचे ठिकाण होते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हेच लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत घडले. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हाच मुलगा पुढे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी घरच्यासारखा राहिला. त्या घरी माणसांचा राबता कधी तुटला नाही, आणि हा सगळा राबता सांभाळायचा तो लक्ष्मीबाईंनी. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ उघडून पाहावी. त्यांत सिद्धांत थोडे आणि स्वयंपाक, बिऱ्हाडे, प्रवास, आजारपणे व पाहुणे फार. तरीही एका स्त्रीचा देवापर्यंतचा प्रवास त्या पुस्तकाइतका स्वच्छ क्वचितच दिसतो. मराठीने मार्थेला जर आपली बाजू सांगू दिली असेल, तर ती या पुस्तकात.

तेव्हा काम हा काही शत्रू नव्हे. मग दोष फुरसतीच्या अभावात आहे काय? तेही मला पटत नाही. आजोबांच्या मानाने आपल्याला श्रम कमी आहेत. पाणी नळाला येते, दळण गिरणीत होते, धुळ्याहून जळगाव गाठायला बैलगाडीचा मुक्काम करावा लागत नाही. ही वाचलेली वेळ गेली कोठे? ती मॉलच्या सरकत्या जिन्यावर गेली, मोबाइलच्या पडद्यावर गेली, न लागणाऱ्या वस्तूंचे भाव पाहण्यात गेली. कामाच्या दिवशी आपण वस्तू तयार करतो किंवा विकतो, आणि सुटीच्या दिवशी त्याच विकत घेतो. बाजूच बदलते, माणूस गल्ल्याच्या आतल्या अंगाचा बाहेरच्या अंगाला येतो, पण गल्ला सुटत नाही.

आपल्या भाषेत ‘सुटी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाच्या नात्यातला आहे. सुटी मिळाली म्हणजे कशापासून सुटका झाली, हे विचारायचे आपण विसरलो आहोत. इब्री भाषेतील ‘शब्बाथ’ या शब्दाच्या मुळाशीही थांबण्याचा अर्थ आहे. जुन्या करारात शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी येते आणि दोन्ही ठिकाणी कारणे निराळी आहेत. निर्गमाच्या पुस्तकात कारण असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात मात्र सांगितले आहे, की तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. तेथे विसावा घेणाऱ्यांची यादीही दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. ही यादी वाचली की मला पोळा आठवतो. वर्षातून त्या एका दिवशी तरी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हे आपल्या शेतकऱ्याला कोणा मोशेने सांगावे लागले नाही.

महाराष्ट्राच्या रविवारालाही असाच दास्यमुक्तीचा इतिहास आहे. तो साहेबाने कामगाराला कौतुकाने दिलेला दिवस नाही. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. जोतीराव फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मजुरांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचाही वार, असा युक्तिवाद त्या मागणीच्या पाठीशी होता असे सांगतात. मला यात मोठे सौंदर्य दिसते. ज्या दिवशी आम्ही ख्रिस्ताचे पुनरुत्थान आठवतो, तो दिवस या भूमीतील श्रमिकाला एका सत्यशोधकाने मिळवून दिला. आमच्या चर्चची घंटा ऐकायला मजूर मोकळा झाला, याचे श्रेय केवळ चर्चला घेता येणार नाही.

येथे मूळ प्रश्नाला निराळे वळण लागते. ‘माझ्या रविवारी ख्रिस्ताला जागा आहे काय?’ असे मी विचारीत होतो. अनुवादातील यादी मला उलट विचारते, ‘तुझ्या रविवारासाठी कोणाचा रविवार गेला?’ मी दुपारी आडवा होऊन बोटाच्या टोकाने एखादी वस्तू मागवितो, आणि एक तरुण उन्हातून दुचाकी हाकीत ती दारात आणतो. सणाच्या गर्दीत दुकानातील मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात. डाळमिलमधील हमालाचा दिवस भरला नाही तर मजुरी नाही. खानदेशात सालदाराचा करार आखाजीपासून आखाजीपर्यंत. गुरांना रविवार कळत नाही, म्हणून त्यालाही कळू दिला जात नाही. यांना कोणी ध्यानाचे महत्त्व सांगू नये. त्यांना आधी रविवार द्यावा.

कोणी म्हणेल, वस्तू नसल्या, बाजार नसला, की मन आपोआप देवाकडे वळते. धुळ्याच्या तुरुंगाचेच पाहा ना! १९३२ साली विनोबांनी त्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. अठरा रविवार, अठरा अध्याय. त्याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्त-धर्म-सार’ संकलित केले. हे सारे खरे. पण तुरुंगात तर पुष्कळ जण होते आणि आहेत; भिंती कोणाला संत करीत नाहीत. त्या रविवारांचे मोल बाजार बंद होता यात नव्हते. एक बोलत होता, एक लिहीत होता, आणि बाकीचे एकत्र ऐकत होते, यात होते. दारिद्र्याची स्तुती करणे हा भरल्या पोटाचा छंद आहे. येशूने उपाशी लोकांना आधी जेवू घातले.

आणि जेवणावरूनच या विषयाची खरी कसोटी लागते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे, आणि ती आजच्यापुरती मागितली आहे. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘भाकर’ हा शब्द वापरला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारण भाकरीचा गुण आम्हाला माहीत आहे. कळण्याची भाकरी तव्यावरून उतरली की ठेच्याबरोबर अमृत. दुसऱ्या दिवशी कडक, आणि तिसऱ्या दिवशी गुरांपुढे. ती साठविता येत नाही. खावी लागते किंवा द्यावी लागते. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्नाही असाच होता. उद्यासाठी लपवून ठेवला की त्यात किडे पडत. अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. याउलट, दाखल्यातील तो श्रीमंत शेतकरी. पीक उदंड आले, म्हणून त्याने जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत केला. आणि त्याच रात्री त्याला बोलावणे आले. त्याचे संपूर्ण स्वगत वाचावे. त्यात मी आहे, माझे पीक आहे, माझी कोठारे आहेत. शेजारी कोठेही नाही. त्याला मूर्ख म्हटले ते पीक आले म्हणून नव्हे. आपल्या भरलेल्या घरात तो एकटा होता, म्हणून.

हा दाखला सराफ बाजाराकडे बोट दाखवून वाचणे सोपे आहे. पण आमचा नाताळ तरी काय उरला आहे? गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या नावाने आम्ही सवलतीच्या याद्या चाळतो, केकच्या आकारावरून घराची पत ठरवितो, आणि पुढच्या वर्षीही चालेल असा चांदणीचा दिवा फेकून नवा आणतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत. दोनच वर्षांनी ते गेले. त्या दरबारात भजन होते, माणसे होती, आणि विकत घेण्यासारखे काही नव्हते. आमच्या नाताळाला त्याची आठवण राहिली तर पुष्कळ झाले.

दिवाळीच्या अंकात हे लिहिताना मला या सणाचाच आधार वाटतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वही पाटावर ठेवतो, तिला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहितो. त्या घटकेपुरती तरी वही पाटावर आणि माणूस तिच्यापुढे हात जोडून, हिशेब न करता बसलेला असतो. हिशेब थांबविता येतो, एवढे त्याला ठाऊक आहे. जो थांबवू शकतो तो हिशेबाचा मालक. ज्याला थांबविताच येत नाही तो, मग तो कितीही मोठ्या पेढीवर बसलेला असो, मिसरातच आहे.

म्हणून मला ख्रिस्ताची जागा शोधण्यासाठी बाजार सोडून जावे असे वाटत नाही. पेढी चालू द्यावी, चूल पेटू द्यावी. आठवड्यातून एक दिवस मात्र काही विकू नये, काही विकत घेऊ नये, आणि कोणाला आपल्यासाठी राबवू नये. ज्याला हे परवडते त्याने आपल्या हाताखालच्या माणसालाही हा दिवस द्यावा, आणि त्याची मजुरी कापू नये. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे, हे मी जाणतो. उपदेश ऐकताना माना डोलतात, मजुरीचा शब्द निघाला की थांबतात. पण शब्बाथाची आज्ञा एकट्या धन्याला कधीच दिलेली नव्हती. सालदार अजून गोठ्यात असताना धनी चर्चमध्ये जाऊन बसला, तर त्याला विसावा मिळेल; रविवार मिळेल की नाही, याची मला शंका आहे.