आकडा कमी, म्हणून कारभार बरा?

करोनाच्या काळात संध्याकाळ झाली की राज्यवार आकडे यायचे आणि महाराष्ट्र बहुतेक वेळा सर्वांच्या वर असायचा. नाशिकहून गुजरातेतल्या सापुताऱ्याची हद्द दोन-अडीच तासांवर. त्यामुळे 'पलीकडे बघा किती कमी' हे वाक्य घरोघरी ऐकू यायचे. नोव्हेंबर २०२०मध्ये महाराष्ट्राने गुजरात, राजस्थान, दिल्ली आणि गोव्याहून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा अहवाल मागितला. पुढच्या वर्षी गुजरात आणि कर्नाटकने तोच अहवाल आपल्याकडे मागितला. प्रत्येकाला धोका शेजाऱ्याकडूनच येतो असे वाटत होते.

पुढे सर्वोच्च न्यायालयात करोनामृतांच्या कुटुंबांना द्यायच्या ५० हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीचा हिशेब निघाला. २०२२च्या सुरुवातीला गुजरातची मृतांची अधिकृत संख्या दहा हजारांच्या घरात होती आणि मदतीसाठी आलेले अर्ज ऐंशी हजारांवर. महाराष्ट्रात मृत्यू १ लाख ४१ हजारांवर आणि अर्ज दोन लाखांवर. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू मदतीसाठी धरायचा, दाखल्यावर कारण म्हणून करोना लिहिलेला नसला तरी, असा नियम होता. म्हणून अर्ज जास्त येणारच. पण नियम दोघांनाही एकच होता. तरी तिकडे अर्ज मृत्यूंच्या आठपट आणि इकडे दीडपट. म्हणजे ज्या आकड्यावरून आपण शेजाऱ्याचे कौतुक करत होतो, त्या आकड्यात मोजणीची पद्धतही मिसळलेली होती. जो नीट मोजतो, तो तक्त्यात वाईट दिसतो.

म्हणून आपण पाठ थोपटून घ्यावी, असेही नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब उतरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. राज्यवार तक्त्यात ते २२ सहज मिसळून गेले असते. शिकण्यासारखे होते ते टाकीपाशी: देखभाल कोणाची, पर्यायी साठा किती, दाब घसरला तर धावायचे कोणी.

सीमेवरची माणसे तुलना कशी करतात, ते नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याने दाखवले. २०२२च्या अखेरीस तिथल्या काही गावांनी रस्ते, आरोग्य, शिक्षण यांची आबाळ सांगत 'आम्हाला गुजरातेत घाला' अशी मागणी तहसीलदारांकडे केली. ती मागणी योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. पण त्यांनी तक्ता पाहिला नव्हता. पलीकडचा रस्ता पाहिला होता.

शेजाऱ्याशी तुलना जरूर करावी, पण ती हिणवण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी नको. पुढची साथ येईल तेव्हा दोन्ही सरकारांना आधी हे विचारा: मोजता कसे, आणि रात्री दोन वाजता पाड्यावर रुग्णवाहिका पोहोचते का?