खिशातली चावडी

समाजमाध्यमे माणसाच्या व्यक्तिगत जीवनाला आणि त्याच्या धंद्याला खरोखर लाभाची आहेत काय, हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून, माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यातही तो पडलेला आहे. गोंड व कोलाम बांधवांचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे आणि दुष्काळाच्या दिवसांत मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे, अशी येथील वस्ती. काही गुड्यांवर आजही रेंज शोधीत उंचवट्यावर जावे लागते. पण तेथे पोहोचलेला तरुण प्रथम उघडतो ते व्हॉट्सॲपच.

या प्रश्नाला एक सोयीचे उत्तर आहे आणि व्यासपीठावरून बहुधा तेच दिले जाते: साधन सुरीसारखे असते, वापरणाऱ्याच्या हेतूवर सारे अवलंबून. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. भाजी चिरून झाल्यावरही आपण चिरीतच बसावे, असे सुरीच्या मनात नसते. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर होते आणि त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक जाहिरातींतून आले. आपण जितके अधिक रेंगाळू, तितका तिचा गल्ला भरतो. तेव्हा हेतू तपासायचाच असेल, तर वापरणाऱ्याबरोबर मालकाचाही तपासायला हवा.

आधी घरगुती वापराचे पाहू. दरवर्षी मिरचीच्या हंगामात चंद्रपूर-गडचिरोलीकडची मजूर माणसे तोडणीसाठी तेलंगणात जातात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा त्यांतील कित्येक तेथेच अडकली. आपले लेकरू जिवंत आहे, दोन घास जेवते आहे, हे गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना कळण्याचा मार्ग मोबाईलखेरीज कोणता होता? शिवाय या भागातील नात्यागोत्यांची सीमा राज्यांच्या सीमेशी जुळत नाही. भाऊ जिवतीकडे, तर बहीण आसिफाबादकडे, असे घरोघरी आढळते. गोंडी लिहिण्यावाचण्यास शिकलेली माणसे थोडी. पण बोलून पाठविलेला निरोप लिपी मागत नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीनेही आपल्या भाषेत, आपल्या आवाजात नातवाला रागवावे, ही सोय टपालखात्याला कधी करता आली नव्हती. जे नाते आधीच आहे, ते वाहून नेण्याचे काम हे साधन उत्तम करते, याविषयी आमच्या मनात संशय नाही.

व्यापाराचे मात्र इतके सरळ नाही. पहाडावरचे मुख्य पीक कापूस. पूर्वी गाडी भरून खाली गडचांदूरला किंवा राजुऱ्याला नेली, म्हणजे मग भाव कळे आणि माल परत आणणे परवडत नसल्याने मिळेल तो घ्यावा लागे. आता गाडी जुंपण्याआधी भाव ठाऊक असतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु २०२२ च्या पूर्वार्धात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि त्याच्या पुढच्या हंगामात खाली आला, तेव्हा काय झाले ते आठवून पाहावे. लांब धाग्याचा हमीभाव ६,३८० रुपये होता. बाजारात त्याहून अधिक, सात-आठ हजारांच्या आसपास मिळत होते. तरीही विदर्भातील असंख्य शेतकऱ्यांनी २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत कापूस घरात ठेवला. निजायच्या खोलीत कापसाचे ढीग, लेकरांच्या अंगाला खाज आणि मोबाईलवर भाव पुन्हा चढणार म्हणून सांगणारे व्हिडिओ. तो चढला नाही.

शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. आदल्या वर्षीची आठवण ताजी होती आणि आशा करणे हा अपराध नव्हे. पण आजचा भाव ही माहिती असते, उद्याचा भाव हा अंदाज असतो आणि मोबाईलवर दोघेही एकाच पोशाखात येतात. बाजारातला व्यापारी प्रसंगी काटाही मारील. पण त्याचे दुकान कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्या व्हिडिओवाल्यास गाठण्यास आपण कोणत्या गावी जावे?

हेच अफवेचे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी केली. मात्र सारा दोष यंत्रावर टाकून मोकळे होण्याची मुभा जिवती आपल्याला देत नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून असूनही, याच तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना बांधून मारण्यात आले. संशयाला टॉवर लागत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचा उगम उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पापाशी नेला होता, तो याच कारणाने. फरक आहे तो इतकाच की, पारावर कुजबुजणाऱ्याला निदान तोंड असते. गावाने धीर केला तर त्याला जाब विचारता येतो. पुढे धाडलेल्या निरोपाला धनीच नसतो. ‘मी केवळ पुढे पाठविले’ असे म्हणणारा स्वतःला साक्षीदारही मानीत नाही आणि आरोपीही नाही.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणावर उभी असलेली. पहिलीला त्याने वाईट ठरविले नाही. ती टिकत नाही, इतकेच म्हटले. बचत गटाच्या भगिनींनी चारोळी, मध वा लोणचे मोबाईलवरून विकावे, वसईच्या कोणी सुकेळी विकावी, यात गैर काहीच नाही. माल खरा आणि नाव खरे असले म्हणजे पुरे. अडचण येते ती एकाच पडद्यावर मावशी आणि गिऱ्हाईक एक होऊन जातात तेथे. लोणचे खारट झाले हे मावशीने कोणत्या तोंडाने सांगावे? आणि तिने मुकाट्याने अंगठा उंचावला, तर तो मालाला समजावा की भाचीला? दुकान निराळे ठेवावे आणि घर निराळे, हा जुन्या व्यापाऱ्यांचा शिरस्ता येथेही पाळता येतो. धंद्याचा क्रमांक व घरचा क्रमांक वेगळा ठेवण्यास फार खर्चही येत नाही.

धर्मग्रामात कोणी वारले, म्हणजे पूर्वी वाडीवस्तीवर सांगावा घेऊन माणूस धाडीत. आता गटावर बातमी पडते आणि दूरदूरची माणसे मातीला वेळेत पोहोचतात. आधी ती पोहोचत नसत. त्याच गटावर, मयताच्या घरापासून चार घरे सोडून राहणारे काहीजण हात जोडल्याचे चिन्ह पाठवितात आणि येत नाहीत. आम्ही दोन्ही पाहतो.