फातिमा नावाच्या स्त्रिया

पैगंबर मुहंमदांच्या कन्येच्या आधीही अरबस्तानात फातिमा होत्या, आणि त्याही त्याच गोतावळ्यात. पैगंबरांच्या वडिलांच्या आईचे नाव फातिमा बिन्त अम्र. पोरक्या झालेल्या मुहंमदांना ज्या काकूने पोटच्या पोरासारखे सांभाळले ती फातिमा बिन्त असद; अली हे तिचे चिरंजीव. पुढे दुसरे खलिफा झालेले उमर इस्लामकडे वळले ते बहिणीच्या घरी कुराणाचे पठण कानी पडल्यावर, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्या बहिणीचे नावही फातिमाच. तेव्हा हे नाव एखाद्या धर्माबरोबर जन्माला आलेले नाही. मक्केच्या घराघरांत ते आधीपासून नांदत होते.

अर्थ म्हणाल तर तोही घरगुतीच आहे. बाळाचे अंगावरचे दूध तोडणे या अर्थाच्या अरबी धातूपासून हा शब्द आला. फातिमा म्हणजे दूध तोडणारी. ज्या काळी मूल दूध तुटण्याच्या वयापर्यंत जगणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळी लेकीला असे नाव ठेवताना मनात काय असेल हे सांगायला नको. पुढे भाविकांनी या अर्थाला वेगळे वळण दिले : नरकाच्या आगीपासून जिला, आणि जिच्यावर प्रेम करणाऱ्यांना, दूर तोडून ठेवले आहे ती फातिमा. मला वाटते, मुलीच्या कानात हे नाव सांगणाऱ्या बहुतेक आईबापांच्या मनात यातला एकही अर्थ नसतो. त्यांच्या मनात एक बाई असते.

ती बाई इ. स. ६३२ मध्ये, वडिलांच्या निधनानंतर अवघ्या काही महिन्यांत, भर तारुण्यात गेली. पैगंबरांची आणि खदिजेची लेक, अलींची पत्नी, हसन-हुसेनची आई. परंपरेने तिला अनेक बिरुदे दिली. 'जहरा' म्हणजे तेजस्विनी, 'बतूल' म्हणजे व्रतस्थ. त्यांतले 'उम्म अबीहा', म्हणजे आपल्या बापाची आई, हे मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते एका कर्त्या लेकीबद्दल खूप काही सांगून जाते. तिच्याविषयीची एक हदीस तर मराठी बाईला सहज कळावी अशी आहे. जाते ओढून ओढून फातिमेच्या हातांना घट्टे पडले. घरकामाला कोणीतरी मिळावे म्हणून ती वडिलांकडे गेली. त्यांनी मोलकरीण दिली नाही. रात्री निजताना म्हणायचा एक जप दिला : 'सुब्हानल्लाह' ३३ वेळा, 'अल्हम्दुलिल्लाह' ३३ वेळा, 'अल्लाहु अकबर' ३४ वेळा. तो आजही 'तस्बीह-ए-फातिमा' म्हणून ओळखला जातो. जगभरच्या कोट्यवधी हातांतल्या जपमाळेवर फिरणारा हा जप दळण दळणाऱ्या एका बाईच्या तक्रारीतून आलेला आहे.

तिच्या वाट्याला राजकारणही आले. फदकच्या जमिनीवरचा तिचा हक्क पहिल्या खलिफांनी मान्य केला नाही. ही सल शिया परंपरेने आजवर जपली आहे. तिची कबर नेमकी कुठे, मदिनेच्या बकी कब्रस्तानात की तिच्या राहत्या घराच्या जागी, यावर एकमत नाही. कबरीचा पत्ता नसलेल्या या बाईच्या नावाने मात्र एक साम्राज्य उभे राहिले. इ. स. ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत सत्तेवर आलेल्या आणि ९६९ मध्ये इजिप्त जिंकून कैरो वसवणाऱ्या खलिफांनी स्वतःला फातिमी म्हणवले. तिथले अल-अझहर हे नाव 'जहरा' या बिरुदावरूनच आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वंशावळींच्या जगात एका खलिफा-घराण्याने राज्याचा अधिकार लेकीच्या वंशातून सांगितला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. ती तेवढी लहान नाही. मुंबईतल्या दाऊदी बोहरांची परंपरा या फातिमी इमामांपर्यंत पोहोचते. भेंडी बाजारातल्या रौदत ताहेरा या संगमरवरी मकबऱ्याची बांधणी फातिमी कैरोच्या वळणाची आहे, आणि बोहरा घरांतली मुलगी 'फातेमा' असते.

हे जे 'फातेमा' आहे, तिथे थोडे थांबायला हवे. हे नाव जिथे गेले तिथल्या जिभेने ते घडवले. तुर्कांनी मधला ऱ्हस्व स्वर गाळून 'फात्मा' केले. उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर भाषांत 'फाध्मा' झाले. सेनेगल, माली, गिनीत ते 'फातूमाता' होते, आणि लाडाने 'फातू'. अरबीच्या व्याकरणशुद्ध पाठात नावाच्या शेवटी जो 'तु' उच्चारला जातो, तो वाळवंटापलीकडच्या या भाषांनी जपून ठेवला. खुद्द अरबांच्या रोजच्या बोलण्यातून तो केव्हाच गळून गेला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्ता म्हणून काम केलेल्या गांबियाच्या फातू बेन्सुदा यांच्या नावात हा सगळा प्रवास आहे. केरळात 'फ'चा 'प' झाला, पुढे आईवाचक 'उम्मा' जोडले गेले आणि 'पात्तुम्मा' तयार झाली. वैकोम मुहंमद बशीर यांच्या १९५९ सालच्या 'पात्तुम्माची शेळी' या कादंबरीतली शेळी लेखकाची छापील पुस्तकेच खाऊन टाकते. त्या गजबजलेल्या घरातली पात्तुम्मा इतकी मल्याळी आहे की तिचे नाव मदिनेहून आले हे वाचकाला आठवतही नाही. आपल्याकडे मराठवाड्यात, खानदेशात, पुण्याच्या पेठांत ती 'फातमाबी' झाली.

अलीकडे मुलीचे नाव 'शुद्ध' लिहावे, शुद्ध उच्चारावे असा आग्रह वाढतो आहे. आजीचे 'फातमाबी' अडाणी वाटू लागले आहे. यात श्रद्धा असेल, शिक्षणाने आलेली अस्मिताही असेल. पण ज्याला आपण अपभ्रंश म्हणतो तो खरे तर वापराचा पुरावा असतो. पिढ्यान्‌पिढ्या हाक मारल्याशिवाय 'फातिमा'ची 'फातमाबी' होत नाही. पुस्तकातून घेतलेले नाव जसेच्या तसे राहते, घरात वापरलेले झिजते. सरकारी कागदाला या झिजेचे वावडे आहे. रेशन कार्डावर फातमाबी, शाळेच्या दाखल्यावर फातिमा, मतदार यादीत फातेमा, अशा तिन्ही ठिकाणी एकच बाई असते, आणि लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताने झालेला फरक निस्तरायला प्रतिज्ञापत्र करून, राजपत्रात नाव छापून ती एकच आहे हे तिलाच सिद्ध करावे लागते. यंत्राला एकच शब्दलेखन कळते म्हणून बाईने रांगेत उभे राहावे, हे मला मुळीच पटत नाही.

हे नाव एका धर्माच्या कुंपणातही राहिले नाही. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात ख्रिस्ती सरदाराने पकडून नेलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या एका मूर मुलीवरून हे नाव पडले, अशी तिथली दंतकथा. १३ मे १९१७ रोजी या गावाजवळ मेंढरे राखणाऱ्या लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मुलांनी मेरी मातेचे दर्शन झाल्याचे सांगितले. पुढे ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला लोटत गेलेल्या गर्दीने ते आडगाव कॅथलिक जगातले मोठे तीर्थक्षेत्र केले. त्यानंतर पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखांत 'मारिया द फातिमा' नावाच्या मुली जन्मू लागल्या. गोव्यात ही भक्ती रुजली, मुंबईतही आली. विद्याविहारच्या फातिमा हायस्कूलमधून शिकून गेलेल्या हजारो मराठी मुलांच्या शाळेच्या नावात मेरी मातेबरोबर पैगंबरांची लेकही आहे. यात कोणी कोणावर मात केलेली नाही. एका गावाने आपले जुने नाव टाकले नाही आणि त्या नावाला नवी भक्ती येऊन मिळाली, एवढेच घडले.

अल्जीरियातली फाध्मा आइत मन्सूर अमरूश ही तर या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना जगली. १८८२ साली कबाइल डोंगरातल्या एका गावात विवाहाबाहेर जन्मलेली ही मुलगी गावाच्या जाचातून वाचावी म्हणून आईने तिला मिशनऱ्यांच्या हवाली केली. बाप्तिस्म्यात तिचे नाव मार्गारेट झाले. अल्जीरियाच्या मुसलमानांना ती ख्रिस्ती, फ्रेंचांना ती देशी. आयुष्याच्या उतारावर तिने फ्रेंचमधून आत्मकथा लिहिली. १९६७ मध्ये ती वारली आणि पुढच्या वर्षी पुस्तक छापले गेले, ते 'फाध्मा' या नावाने.

पण नाव सर्वत्र पसरण्याची एक किंमतही असते, आणि ती बायकांनीच मोजली. याच अल्जीरियात फ्रेंच वसाहतवाल्यांनी 'फात्मा' या नावाचे सामान्यनाम केले. घरकाम करणारी कोणतीही मुसलमान बाई म्हणजे 'उन फात्मा', एक फात्मा. तिचे स्वतःचे नाव यमिना असो की झोहरा, ते विचारायची गरज उरली नाही. कबाइल टोळ्यांना घेऊन फ्रेंच फौजेशी लढलेली, १८५७ च्या जुलैमध्ये पकडली गेलेली आणि १८६३ मध्ये कैदेतच मेलेली लल्ला फात्मा न्सूमर याच देशातली. तिची आठवण पुसायला फ्रेंचांना तिच्याबद्दल काही वाईट बोलावेही लागले नाही. तिचे नाव मोलकरणीचे समानार्थी केले की पुरे होते. मला ही बंदुकीपेक्षा थंड डोक्याने केलेली हिंसा वाटते. आपल्याकडे आडनावावरून माणूस ओळखणारे आणि घरकामाच्या बाईला नावच नसलेले जे समाज आहेत, त्यांना ती परकी वाटण्याचे कारण नाही.

उलट बाजूने, स्वतःचे नाव छापून यावे यासाठीही फातिमांना झगडावे लागले. ऑटोमन तुर्कस्तानातल्या फात्मा आलिये यांनी १८८९ मध्ये एका फ्रेंच कादंबरीचा अनुवाद केला, तो नवऱ्याची परवानगी मिळाल्यावर. पुस्तकावर नाव आले 'एक स्त्री'. तीनच वर्षांनी त्यांची स्वतंत्र कादंबरी 'मुहादरात' त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. २००९ पासून तुर्कस्तानच्या ५० लिराच्या नोटेमागे त्यांचे चित्र आहे. मुंबईत १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करणाऱ्या, म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक ठरलेल्या फात्मा बेगम यांनी आपल्या चित्रसंस्थेलाच 'फात्मा फिल्म्स' नाव दिले होते. पुढच्या पिढीतली एक फातिमा रशीद मात्र पडद्यावर 'नर्गिस' झाली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायमूर्ती म्हणून बसलेल्या केरळच्या फातिमा बीवी यांच्या नावापर्यंत यायला देशाला किती वाट पाहावी लागली, हेही या हिशेबात धरायला हवे.

एवढे सगळे सांगितले ते ज्या फातिमेसाठी, ती आपल्या पुण्यातली आहे. आजारी पडून नायगावला माहेरी गेलेल्या सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना पत्र लिहिले. तब्येतीची हकिकत सांगता सांगता त्यांना शाळेच्या कामाची आठवण येते, आणि आपल्या माघारी फातिमेवर भार पडत असेल, पण ती कुरकुरणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्य येते. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात हे पत्र आहे. त्यात आडनाव नाही, वय नाही, पत्ता नाही. एवढे एकच नाव, आणि सहकारणीच्या स्वभावाची पक्की ओळख. जुन्या एका छायाचित्रात सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेली स्त्री तीच, असे मानले जाते.

या एका नावावर गेल्या काही वर्षांत दोन प्रकारचे अन्याय झाले. एका बाजूने तिचे चरित्र रचले गेले. जन्मतारीख ठरली, तिच्या तोंडी उद्गार घातले गेले, जयंती सुरू झाली. दुसऱ्या बाजूने अशी कोणी बाई नव्हतीच, ती अलीकडे कल्पनेतून निर्माण केली गेली, असे छातीठोकपणे सांगितले गेले. पहिल्यांचा हेतू चांगला होता हे मी मान्य करते. पण पुराव्याशिवाय चढवलेला प्रत्येक दागिना नाकारणाऱ्यांच्याच हाती कोलीत देतो. मोरोक्कोतल्या फेस शहरात इ. स. ८५९ मध्ये करवीयीन मशीद उभारल्याचे श्रेय जिला दिले जाते, त्या फातिमा अल-फिहरीबाबत हेच झाले. तिची कथा सांगणारा पहिला ग्रंथ चौदाव्या शतकातला, म्हणून आज अभ्यासक तिच्या अस्तित्वावरच प्रश्न विचारतात. आपली फातिमा याहून कितीतरी भक्कम जमिनीवर उभी आहे. तिच्याबद्दल लिहिणारी स्त्री तिची समकालीन आहे, तिच्यासोबत काम करणारी आहे, आणि ती कोणाला काही पटवून देण्यासाठी लिहीत नाही. ती नवऱ्याला घरचे-दारचे कळवते आहे. इतिहासात साक्ष म्हणून याहून चांगली गोष्ट विरळाच मिळते. केवळ आडनाव नाही म्हणून ही साक्ष फेटाळायची ठरवली, तर एकोणिसाव्या शतकातल्या बहुसंख्य भारतीय स्त्रिया इतिहासातून बाद होतील.

तिचे मोठेपण वाढवण्याची गरज नाही, तिला शोधण्याची आहे. फुल्यांच्या शाळांच्या परीक्षांचे अहवाल, दक्षिणा प्राइज कमिटीचा पत्रव्यवहार, १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय'चे अंक, अहमदनगर आणि पुण्याच्या मिशनांची दप्तरे हे सगळे साहित्य आहे. मोडी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या एकत्र वाचणारी मंडळी त्यावर बसली पाहिजेत. आणि बसताना हेही ध्यानात ठेवले पाहिजे की त्या काळच्या लेखनिकाने तिला 'फातिमा' लिहिले असेलच असे नाही. ती 'फातमा' असेल, 'फत्तुबी' असेल, इंग्रजी अहवालात आणखी भलत्याच अक्षरांत असेल, किंवा नुसती 'एक मुसलमान शिक्षिका' म्हणून नोंदली गेली असेल.