कर्ज कुठे सुरू होते

थोडा वेळ काढून बसा. खिडकीबाहेर निगडी असेल, भोसरी असेल, मोशी असेल. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कंटेनरचा आवाज येत असेल तर येऊ द्या. स्वयंपाकघरातून एक कांदा आणा आणि हातात धरा.

आधी नुसते वजन जाणवू द्या. मग अंगठ्याने वरची सुटी साल बाजूला करा आणि मान बघा. मान बारीक, कोरडी, घट्ट मिटलेली असेल तर कांदा शेतात पुरता पोसला, पात पडल्यावर निघाला आणि नीट सुकला. मान जाड आणि ओलसर असेल तर काढणीची घाई झाली. ती घाई कशामुळे झाली असेल, इथे क्षणभर थांबा. पाऊस आला असेल. नाहीतर कुणाची तरी उधारी फेडायची वेळ आली असेल.

हा कांदा चाकणच्या बाजारातून आलेला असू शकतो. आज चाकण म्हटले की गाड्यांचे कारखाने आठवतात, पण खेड बाजार समितीचे ते आवार कांदा-बटाट्यासाठी कितीतरी आधीपासून नावाजलेले आहे. लिलाव उरकला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. ती पट्टी डोळ्यांपुढे आणा. वर पिशव्या, वजन, भाव. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडे. शेवटी निव्वळ रक्कम.

आता त्या पट्टीवर जे लिहिलेले नाही तिकडे लक्ष न्या. बियाणे, रोप, लागणीची मजुरी, खुरपणी, खताच्या गोण्या, फवारणी, पुन्हा फवारणी, काढणी, काटणी. यातला बराचसा खर्च दुकानाच्या वहीत आधीच मांडलेला असतो. भाव पडला तरी वहीतला आकडा पडत नाही. तो भागवून जे उरेल ते घरी जाते, आणि काही वर्षी काहीच उरत नाही.

इथे सावकाश श्वास घ्या, कारण पुण्याचा हा मुलूख कर्ज फार जवळून ओळखतो. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी होती. 1630 च्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. 1875 च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जाचे कागद जाळले. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि पुढे गावोगाव सोसायटी उभी राहिली. सोसायटीने मोठे काम केले. व्याज उतरवले, सावकाराच्या ओट्यावरून माणसाला उठवले. पण दर हंगामाला एवढे कर्ज लागतेच कशाला, हे तिने क्वचितच विचारले. उलट पीककर्जाचा काही भाग खताच्या रूपातच हाती पडे. सहकाराचे अर्धे काम तिथे अडकून राहिले, असे माझे ठाम मत आहे.

उरलेले अर्धे मातीत आहे. दोनशे लिटरची एक टाकी मनात आणा. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, वर पाणी. सावलीत ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचे. दोन-तीन दिवसांत फेस धरतो, आंबूस वास सुटतो. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी शेतकऱ्यांत रुजवलेले हे जीवामृत. त्याने सगळे भागते असे मी म्हणणार नाही. शेणखत, पिकांची फेरपालट, आच्छादन, घरचे बियाणे हे सगळे जोडीला लागते आणि पहिली एक-दोन वर्षे उतारा घटूही शकतो. एकट्या दोन एकरवाल्याला ती घट झेपत नाही. गटाला झेपते. एकाकडे गाई आहेत, दुसऱ्याकडे बियाणे आहे, तिसऱ्याकडे टेम्पो आहे. खर्च मातीने उतरवायचा आणि जोखीम माणसांनी वाटून घ्यायची. गरिबी हटवण्याची ही दोन कामे सुटी सुटी केली तर दोन्ही फसतात.

आता मनाने भीमेच्या काठाने वर चला. राजगुरुनगर, चास, वाडा, मग भीमाशंकरचा डोंगर. डोंगरापलीकडे आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी गावांत पडकईची रीत आहे. एका घराची उताराची जमीन बांधायची तर शेजारची घरे येतात. दगड फोडतात, बांध रचतात, फटीत चिपा ठोकतात, माती ओढून भाताचे खाचर करतात. पुढची पाळी दुसऱ्याच्या रानाची. डिंभे धरणात जमिनी गेलेल्या लोकांबरोबर काम करताना कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या रीतीला बळ दिले. तिथल्या धरणग्रस्तांनी मासेमारीची सहकारी संस्थाही उभी केली. त्या बांधाशी जरा वेळ थांबा. पावसाचे पाणी येते, अडते, गाळ टाकते आणि निवळून पुढे जाते. ही माती दुकानातून आलेली नाही, आणि कोण्या एकट्याचीही नाही.

परत घरी या. 2016 साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे तो थेट ग्राहकाला विकता येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये शेतकरी गटांचे आठवडे बाजार भरतात. तिथे जा, गाव विचारा, गट विचारा, रानात काय घातले ते विचारा. पण नुसत्या खरेदीवर थांबू नका. पैसे लागतात ते लागणीच्या वेळी, आणि उन्हाळी कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. त्याआधी तुमच्या गृहसंस्थेच्या बैठकीत एवढा एकच विषय मांडा: चाळीस-पन्नास घरांनी मिळून एका गटाला वर्षाच्या कांद्याचे निम्मे पैसे लागणीआधी द्यायचे.