शब्दांमुळे मागे राहिलेले खेळ

व्हिडिओ गेमचा जो इतिहास जगभर सांगितला जातो, त्यात जपान पहिल्या पंगतीत बसतो. पण तो उड्या मारणारा, गोळ्या झाडणारा, शर्यती लावणारा जपान असतो. 1985 साली फामिकॉम या घरगुती यंत्रावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. तो खेळायला कुठल्याच देशातल्या मुलाला भाषा लागली नाही. त्याच वर्षी त्याच यंत्रावर आणखी एक खेळ आला होता. कोबे शहरात एका सावकारी कंपनीच्या मालकाचा मृतदेह सापडतो आणि खेळणाऱ्याने यासू नावाच्या सहायकाला हाताशी धरून तपास करायचा, असा तो ‘पोर्टोपिया’. जपानमध्ये तो इतका पसरला की खुनी कोण हे तिथे जवळपास म्हणीसारखे बोलले जाते. जपानबाहेर मात्र दोन दशके त्याचे नावही फारसे कुणी ऐकले नव्हते. गुणवत्तेशी याचा संबंध नव्हता. एक खेळ शब्दांवाचून चालत होता आणि दुसरा शब्दांचाच बनलेला होता, एवढाच फरक. हौशी अनुवादकांनी जुन्या जपानी साहसकथा-खेळांचे जे अनुवाद केले, त्यांचे मोल या ठिकाणी शोधायला हवे. फुकट करमणूक म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. माझ्या मते त्यांनी एका मोडक्या इतिहासाची दुरुस्ती केली आहे.

‘पोर्टोपिया’चे कर्ते युजी होरिई. 1983 साली घरगुती संगणकांवर आलेल्या मूळ आवृत्तीत खेळणाऱ्याला क्रियापद आणि नाम टंकावे लागे, आणि नेमका शब्द सुचला नाही की तपास अडून बसे. पुढच्याच वर्षीच्या होक्काइदोमधल्या खूनकथेत होरिईंनी आज्ञांची यादीच पडद्यावर मांडली: विचारा, शोधा, दाखवा, अटक करा. फामिकॉमवरच्या ‘पोर्टोपिया’तही हीच यादी आली आणि 1986 साली त्यांच्याच ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये ती स्थिरावली. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ 1989 साली इंग्रजीत पोहोचला, त्याची जन्मदात्री खूनकथा पोहोचली नाही. इंग्रजी वाचकाला ही रचना आभाळातून पडल्यासारखी दिसली. ‘मेटल गिअर’चे हिदेओ कोजिमा यांनी ‘पोर्टोपिया’चा आपल्यावरचा प्रभाव मोकळेपणाने सांगितला आहे, पण ज्याचा प्रभाव पडला ती वस्तूच वाचता येत नसेल, तर असा उल्लेख समीक्षकाच्या काय कामाचा? 2006 साली हौशी मंडळींनी फामिकॉम आवृत्तीचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा कुठे हा दुवा तपासून पाहता येऊ लागला. कोजिमांच्या स्वतःच्या ‘पोलिसनॉट्स’लाही, 1994 सालच्या त्या अंतराळातल्या पोलीसकथेला, इंग्रजी मिळाली ती 2009 साली, चाहत्यांच्याच हातून.

हे काम किती कष्टाचे असते याची कल्पना पुस्तकाच्या अनुवादकालाही सहज येणार नाही. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये जागा मोजकी होती आणि संवाद, चित्रे, नियम सगळे एकाच साठ्यात कोंबलेले असत. जपानीत तीन-चार चिन्हांत मावणारे वाक्य इंग्रजीत वीस अक्षरे मागते. मग अनुवादकाला मूळ आज्ञावली उलगडावी लागते, प्रत्येक संवाद साठ्यात कुठे सुरू होतो त्याचे पत्ते बदलावे लागतात, अक्षरांच्या आकृत्या नव्याने कोराव्या लागतात. एनईसी कंपनीच्या पीसी-98 संगणकांची अडचण वेगळी. त्यांच्या पडद्यावर आडवे 640 आणि उभे 400 बिंदू असत. कांजी लिपीतले एक अक्षर बहुधा 16 बिंदू रुंद, म्हणजे एका ओळीत चाळीस अक्षरे. अक्षरांचा साठा खेळाच्या फ्लॉपीवर नसून संगणकातल्याच चिपमध्ये असे. अशा खेळात सर्व अक्षरे सारख्या रुंदीची धरून बेतलेली चौकट मोडल्याखेरीज इंग्रजी परिच्छेद वाचनीय होत नाही. शिवाय हे अनुवादक मूळ खेळ वाटत नाहीत. ‘पॅच’ म्हणून जी फाइल दिली जाते, तिच्यात फक्त बदललेला भाग असतो. मूळ प्रत वाचकाने आपली आपण मिळवायची.

सर्वांत वजनदार आक्षेप कायद्याचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. अनुवादाचा हक्क मूळ हक्कधारकाचा, हे जपानी कायद्यात स्पष्ट आहे. त्यापुढे जाऊन कृती अबाधित ठेवण्याचा कर्त्याचा हक्कही तिथे कडकपणे मानला जातो. ‘तोकिमेकी मेमोरियल’ या खेळात नायकाचे गुण आधीच वाढवून ठेवणारी मेमरी कार्डे विकली गेली, तेव्हा त्यामुळे कथानक कर्त्याने आखलेल्या मर्यादेबाहेर जाते म्हणून या हक्काचा भंग झाला, असा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण खेळातल्या कथेला त्यात रचना म्हणून मान मिळाला. पण कथेला एवढा मान द्यायचा, तर ती वाचली जाण्याची काळजीही कुणीतरी घ्यायला हवी. अमेरिकेत 2010 पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 सालच्या पाहणीत दिसले. एक प्रगत, श्रीमंत बाजारपेठ आपल्याच भाषेतले खेळ एवढे गमावते. मग जे खेळ आपली भाषा सोडून कधी बाहेर पडलेच नाहीत, त्यांची आशा कशावर ठेवायची? हक्क टिकतो, वाचक टिकत नाही आणि फ्लॉपीवरची चुंबकीय नोंद तर झिजतच असते.

चाहत्यांचा अनुवाद फिरू लागला की कंपनीला अधिकृत आवृत्ती काढण्यात रस उरत नाही, असेही म्हटले जाते. घडलेल्या गोष्टी याच्या उलट आहेत. निन्टेन्डोच्या ‘फामिकॉम डिटेक्टिव्ह क्लब’मधल्या दुसऱ्या कथेचा हौशी अनुवाद 2004 साली झाला, 2021 साली कंपनीने दोन्ही जुन्या कथा नव्या रूपात इंग्रजीत आणल्या आणि 2024 साली याच मालिकेतली नवी कथा जगभर एकदम प्रकाशित केली. अनुवादामुळेच हे घडले असा दावा मी करणार नाही. मागणी मारली गेली नाही, एवढे मात्र यातून सिद्ध होते.

हौशी अनुवाद कच्चा असतो, हा आक्षेप काही अनुवादांच्या बाबतीत खरा आहे. पण अधिकृत म्हणजे मूळनिष्ठ, हे समीकरणही टिकत नाही. चुनसॉफ्टची 1994 सालची बर्फाळ खूनकथा ‘कामाइताची नो योरू’ 2014 साली अधिकृतपणे इंग्रजीत आली, तेव्हा तिचे स्थळ जपानमधून उचलून कॅनडात नेण्यात आले होते. व्यापाराला तसे करण्याची मुभा आहे. अभ्यासकाला त्या प्रतीवर विसंबता येत नाही. आता हे काम यंत्रे करतील, असे म्हणणाऱ्यांनीही ‘पोर्टोपिया’चे पुढे काय झाले ते पाहावे. 2023 साली स्क्वेअर एनिक्सने तो अखेर इंग्रजीत दिला, पण भाषा समजणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रात्यक्षिक म्हणून. खेळणाऱ्याने पुन्हा टंकायचे आणि यंत्राने अर्थ लावायचा. साध्या सूचनाही त्याला उमजेनात, आणि स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांनी अत्यंत प्रतिकूल अभिप्राय दिले. चार दशकांपूर्वी होरिईंनी जी अडचण आज्ञांच्या यादीने सोडवली होती, तीच परत आली. त्या खेळाचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने ही निवड करण्याआधी दहा वेळा विचार केला असता. अनुवादकाजवळ अशी जाण लागते, आणि ती हौशी मंडळींजवळ होती.

ही कमाई मात्र निराधार आहे. असे हजारो पॅच सांभाळणाऱ्या रोमहॅकिंग डॉट नेट या संकेतस्थळाने 2024 साली नवी भर घेणे थांबवले आणि आपला साठा इंटरनेट आर्काइव्हकडे सोपवला. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात 2000 सालापासून डिस्क-कार्ट्रिजसारखी इलेक्ट्रॉनिक प्रकाशने जमा करण्याचे बंधन आहे. पण या लेखात आलेले जुने खेळ त्याआधीचे आहेत. मूळ कंपनी जो खेळ विकत नाही, त्याच्या विनामूल्य अनुवादाला ग्रंथालयांपुरती आणि विद्यापीठांपुरती कायदेशीर सूट द्यावी. कंपनीने अधिकृत आवृत्ती काढली की ती सूट त्या खेळापुरती संपावी. अनुवादकांच्या टिपा, उलगडलेल्या आज्ञावली आणि संवादांचे मूळ पाठही पॅचबरोबर जमा करून घ्यावेत, कारण खेळाची रचना कशी होती याची सविस्तर नोंद अनेकदा तेवढ्याच कागदपत्रांत उरलेली असते.