शंकेची फी

दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं सरकारला पटवून देतो. पेन्शनरांच्या भाषेत याला हयातीचा दाखला म्हणतात. हल्ली अंगठा यंत्रावर टेकवावा लागतो आणि माझा अंगठा यंत्राला चटकन पटत नाही. मी समोर धडधडीत उभा, आणि खिडकीतली मुलगी म्हणते, "आजोबा, पुन्हा करा." म्हणजे पुन्हा जिवंत व्हा! पण वर्षातून एकदाच तर जिवंत व्हायचं, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती परवा आमच्या अमेरिकेतल्या भाचीनं मोडली.

भाची तिकडे 'ट्रॅव्हल नर्स' आहे. ज्या हॉस्पिटलात नर्सेस कमी पडतात तिथे एजन्सी तिला पाठवते. करार साधारण 13 आठवड्यांचा, मग पुढचं गाव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं हिचं मोटारीच्या डिकीत.

फोन केला तर म्हणाली, "मामा, नंतर बोलू. परीक्षा चालू आहे."

बावीस वर्षं अतिदक्षता विभागात काढलेल्या बाईची परीक्षा! मला वाटलं, काही नवीन शिकतेय. छे! बारा तासांची रात्रपाळी करून आलेली ही बाई ओट्याशी बसून औषधांच्या मात्रेची गणितं सोडवत होती. पुढे हृदयाच्या आलेखाच्या पट्ट्या ओळखायच्या होत्या. त्यानंतर पानंच्या पानं कौशल्यांची यादी, आणि प्रत्येकापुढे स्वतःच स्वतःला 1 ते 4 पैकी मार्क द्यायचे. लायसन्ससाठीची राष्ट्रीय परीक्षा ती कधीच पास झालीय, दर दोन वर्षांनी हृदयविकाराच्या उपचारांचं कार्डही नवं करून घेते. तरी एजन्सी बदलली की हे सगळं पहिल्यापासून, स्वतःच्या वेळात आणि बिनपगारी.

"हाच पेपर गेल्या महिन्यात दिला होता," ती म्हणाली. "उत्तरंसुद्धा तीच आहेत."

मी तावातावानं 'अन्याय!' म्हणणार होतो. तेवढ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं. सिरिंज घेऊन नर्स जवळ आली तेव्हा तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचीसुद्धा माझी तयारी होती. पेशंटला शंका घ्यायचा हक्क आहे. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणारं जॉइंट कमिशनही सांगतं, की कर्मचाऱ्याची क्षमता तपासा आणि नोंद ठेवा. भाची तरी दुसरं काय म्हणते? "जरूर तपासा. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो."

म्हणजे भांडण परीक्षेशी नाही. प्रश्न एवढाच, की शंका एकाची आणि तिचा खर्च दुसऱ्यानं का करायचा?

तुम्ही म्हणाल, आंबेवालाही फोड फुकटच चाखायला देतो. देतो, पण तिची किंमत तो डझनात लावतो. शिवाय चार फोडी चाखून गिऱ्हाईक पुढच्या गाडीकडे वळलं, तर तो जे बोलतो ते इथे छापता येणार नाही. भाचीला डझनाचा भावही लावता येत नाही आणि बोलताही येत नाही.

मी विचारलं, "तुमच्याकडे कायदा नाही का?" आहे की, 1938 सालापासून आहे. कामासाठीचं सक्तीचं प्रशिक्षण सहसा कामाच्या तासांतच धरतात. पण मेख अशी, की नेमणूक होईपर्यंत ती नोकरच नसते. म्हणजे लग्नाआधी मुलीनं केलेले कांदेपोहे स्वयंपाकात धरत नाहीत, त्यातला प्रकार.

माझं मत विचाराल तर परीक्षा घ्या, फक्त त्या दोन तासांचा पगार द्या. फुकटची वस्तू माणूस हात राखून वापरत नाही, आणि शंका फुकट मिळाली तर तिचा महापूर येतो. तिला फी लावून बघा. मग गेल्या महिन्याचा निकाल मागवावा, हे एजन्सीला आपोआप सुचेल. पेशंटचं काही बिघडणार नाही. उलट, त्याच्या उशाशी उभी असलेली नर्स दोन तास जास्त झोपलेली असेल.

संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, निकाल लागला. शंभर."

"वा! डॉलर?"

"मार्क."