राखीव कॅचरचं कर्म

1948 ते 1956 या काळात चार्ली सिल्व्हेरा न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघात कॅचर, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू होता. अडचण एकच होती. त्याच संघात, त्याच जागेवर योगी बेरा होता, 1951, 1954 आणि 1955 साली लीगचा सर्वोत्तम ठरलेला खेळाडू.

शिकागो कब्ज या संघाकडचा अखेरचा मोसम धरूनही दहा मोसमांत सिल्व्हेराच्या वाट्याला सामने आले 227. त्याच्या काळात यांकीज सात वेळा वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत पोचले, सहा वेळा जिंकले. त्या सगळ्या लढतींपैकी तो खेळला फक्त एक, 1949 चा दुसरा सामना. तो यांकीजनी 1-0 असा गमावला.

कमी पडला म्हणून तो बाहेर बसला, असं मात्र नाही. त्याच 1949 मध्ये बेराचा अंगठा दुखावला, तेव्हा सिल्व्हेराने संधीचं सोनं केलं. मोसमातली त्याची फलंदाजीची सरासरी होती .315.

ॲरिस्टॉटल म्हणतो, ऑलिंपियात मुकुट सर्वांत बलवान माणसाला मिळत नाही, स्पर्धेत उतरणाऱ्याला मिळतो. गीता फळाची आसक्ती सोडून कर्म करायला सांगते. पण ज्याच्या हाती कर्मच फारसं येत नाही, त्याने सोडायचं काय?

या प्रश्नात कर्म म्हणजे सामना, असं गृहीत धरलेलं आहे. बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचर सराव करतात त्या जागी जाऊन पाहिलं की ते टिकत नाही. बदली पिचर मैदानात येण्याआधी त्याचा हात मोकळा व्हावा लागतो आणि त्यासाठी समोर कुणालातरी उकिडवं बसून चेंडू झेलावे लागतात. बेरा सामन्यात गुंतलेला असताना हे काम दुसऱ्या कॅचरचं. आज चेंडू किती वळतोय, वेग उतरलाय का, हे आधी त्याच्या हाताला कळतं. धावफलकावर यातलं काही उमटत नाही, तरी ते पूर्ण काम आहे. वर्ल्ड सीरिजच्या पैशांची वाटणी खेळाडू स्वतः मतदानाने ठरवतात, आणि त्यात सिल्व्हेराचाही वाटा असे.

मात्र हा गौरव जपून करायला हवा. त्या काळच्या करारांत खेळाडूला संघाशी बांधून ठेवणारं कलम होतं. दुसरीकडे नियमित खेळायला मिळेल म्हणून सिल्व्हेरा आपणहून संघ सोडू शकत नव्हता. ते कलम लवादाच्या निर्णयाने मोडलं ते थेट 1975 मध्ये. फलत्याग माणसाने स्वतः करायचा असतो. मालकाने करारात लिहून घेतलेल्या सक्तीला ते नाव देणं हा सिल्व्हेरावर आणि गीतेवरही अन्याय आहे.